दगडाची दाढी

पाण्याचा वास घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे दारोगासाहेब. जालन्याच्या बलदियात, म्हणजे आता जिला नगरपालिका म्हणतात तिच्यात, ते मोऱ्या-नाल्यांचे दारोगा होते. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गावचं सांडपाणी कुंडलिकेच्या काठी एका हौदात यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नदीत जायचं. त्या हौदावर त्यांची नेमणूक. नेमणूक पगारी, पण वागणं असं की हौद त्यांना सासऱ्यानं दिलाय.

मी दुसरी शिकलेला माणूस. लिहायचा सराव न्हाई. पण पौषात बायको गेली, आणि तिच्या दहाव्याला नदीवर एक गोष्ट निघाली. ती खोटी होती. मी तिथंही गप बसलो. म्हणून आता जालन्यातल्याच मस्तगडात पोराच्या घरी बसून हे लिहून राह्यलो.

आधी साहेबांचं सांगतो.

ते हैदराबादकडचे. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, भर उन्हाळ्यातसुद्धा. हातात छत्री, पण ती उघडलेली मी कधी पाहिली न्हाई. छत्रीच्या दांड्यावर चाकूनं खुणा केल्या होत्या. मोरीत छत्री उभी करायची, खुणा बघायच्या, किती गाळ बसला ते कळायचं. पाऊस आला की छत्री काखेत मारून भिजत जायचे. कोणी म्हणालं, "साहेब, छत्री उघडा की," तर म्हणायचे, "भिगी तो नाप बिगडता जी." भिजली तर माप बिघडतंय म्हणे. मोरीत बुडवलेली चालत होती.

त्यांच्यासारखे बाकीचे अंमलदार अत्तराचा फाया कानात घालून फिरायचे. हे अत्तराला हात लावत न्हवते. मोरीवर आले की वाकायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे, नाकाशी न्यायचे. मंग म्हणायचे, "रंगाऱ्याचं पाणी आलंय," न्हाईतर, "आज कुणाकडं तरी लग्नाच्या पंगती उठल्या." आणि खरंच तसंच निघायचं. आम्ही गडी मागं तोंड करून हसायचो.

कचेरीच्या खिडकीत मुरंब्याच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत एकेका ठिकाणचं पाणी, वर चिठ्ठी. एकदा तालुकदारांचे, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचे, कारकून-पेशकार आले, ऊन लागलं होतं, एका बरणीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे गुलाबाचं सरबत का?"

साहेब म्हणाले, "नै जी. ये आपकेच मोहल्ले का है."

पेशकारांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला न्हाई.

दुपारची भाकर ते हौदाच्या काठावर बसून खायचे. पाण्याकडं तोंड करून. गावात लई बोभाटा झाला. कोणी म्हणे येडा, कोणी म्हणे नाक मेलंय. नाक मेलेलं न्हवतं, ते वर सांगितलंच. मी एकदा विचारलं, "साहेब, इथं घास उतरतो कसा?" तर भाकर मोडता मोडता म्हणाले, "जिथं मला जेवता येत न्हाई, तिथलं पाणी मी नदीत कसं सोडू? खाली लोक पितात."

खाली आम्हीच पीत होतो. हौदाच्या खाल्लाकडं, नदीच्या वाळूत, बाया झिरे उकरायच्या आणि वाटीनं पाणी भरायच्या. आमच्या गल्लीला दुसरं पाणी न्हवतं. मी तीर्थपुरीकडून आलेला माणूस, गावाकडं मेंढरं होती ती गेली, म्हणून एक बैल घेऊन जालन्याला आल्तो. चुन्याची घाणी चालवायचो. गोल चरात दगडी चाक फिरतं, बैल ओढतो, चुना-वाळू बारीक होते, ती गवंड्याला द्यायची. बलदियाचं काम मिळालं म्हणून घाणी हौदाजवळ आणली. बायको पाटी उचलायला येत होती.

ती आली त्याचंही कारण साहेबच. आमची पहिली पोरगी अडीच वर्षांची होऊन हगवणीनं गेली. पंधरा दिवसांनी साहेब घाणीवर आले, विचारलं, "पाणी कुठलं पीत होती?" बायको म्हणाली, "झिऱ्याचं. चांगलं निवळ असतं की." साहेबांनी जाऊन झिऱ्यातून बरणी भरून आणली आणि खिडकीत ठेवली. तीन दिवसांनी तिला बोलावलं. बरणीच्या बुडाला बोटभर काळं बसलं होतं. ती किती तरी वेळ बघत बसली. साहेब म्हणाले, "बैठने दिया, इसलिए दिखा." दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन कामावर.

आणि हेही सांगतो, साहेब तिला "आप" म्हणायचे. झाडूवालीलाही आप, मलाही आप, तालुकदारालाही आप. पहिल्यांदा मला वाटलं माझ्यामागं कोणीतरी उभं आहे.

तर काम असं होतं. जुना हौद लहान पडत होता. गाव वाढलं, पाणी थांबतच न्हवतं, सरळ नदीत. साहेबांनी हौद खोल करायचा आणि त्याच्या पुढं दगडांचे तीन वाफे बांधायचे ठरवलं. त्यांनी हे हैदराबादेत कुठंतरी पाहिलं होतं. मुठीएवढे फोडलेले काळे दगड कमरेइतके भरायचे, वरून भोकं पाडलेल्या पन्हळीतून पाणी शिंपडायचं, ते दगडांतून झिरपत खाली उतरतं. तालुकदारसाहेब म्हणाले, आधी एक वाफा करून दाखवा. पाणी निवळ आलं तर बाकीच्या दोन्हींना मंजुरी, न्हाईतर काम बंद.

एक वाफा आम्ही केला. चुना माझा, दगड तिच्या डोक्यावरून. पहिले पंधरा-वीस दिवस पाणी जसं वरून तसंच खालून. लोक हसले. साहेब रोज सकाळी वाफ्यात हात घालायचे, दगड चोळून बघायचे. एक दिवस ओरडले, "आ गई! दाढी आ गई!"

दगडांवर काळपट हिरवा बुळबुळीत थर चढला होता. साहेबांनी एक दगड बायकोच्या हातात दिला. म्हणाले, "ही दाढी घाण खाते. दगड काहीच करत न्हाई, तो नुसता गाल आहे. हिला कुणी हात लावायचा न्हाई."

बायकोनं बोट फिरवून बघितलं. म्हणाली, "म्हंजी दह्यावानी हाय. जित्तं हाय."

"बिलकुल," साहेब म्हणाले.

मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, हे आणखी एक येडेपण.

त्यानंतर बरणीतलं पाणी खरंच बदललं. साहेब बरणीमागं अखबार धरायचे आणि अक्षर वाचायचे. बारीक अक्षर लागलं की खूष. बायकोला वाचता येत न्हवतं, ती बरणीमागं गळ्यातले काळे मणी धरायची आणि मोजायची. "आज समदे मणी दिसून राह्यले साहेब." दोघांचं जमायचं.

मंग तालुकदारसाहेब येणार असा हुकूम आला. अंमलदार येणार म्हणलं की तेव्हा एकच रीत होती. चुना मारायचा. भिंतीला चुना, झाडाच्या बुंध्याला चुना, रस्त्याच्या कडेच्या धोंड्यांना चुना. सगळे गडी तिकडं नेले. साहेब दोन दिवस औरंगाबादला नळ आणायला गेल्ते. हौदावर मी एकटा, माझा बैल, आणि ढीगभर चुना.

मी वाफ्याकडं बघितलं. बाकी सगळं गाव पांढरं, आणि आपलं काम, ज्यावर मंजुरी ठरायची, तेच काळं बुळबुळीत. मला लाज वाटली. साहेबांनी एवढं केलं आपल्यासाठी, आपण तेवढं करू नये का, असं मनात आलं. पन्हळ बंद केली, पाणी नदीकडं वळवलं आणि दगड उपसायला लागलो.

बायको भाकर घेऊन आली, तिनं बघितलं.

"अहो, काय करून राह्यले? साहेब हात लावू नका म्हणले होते."

"मोठे साहेब येऊन राह्यले. त्यांना घाण कशाला दाखवायची?"

"आधी इचारा तरी दारोगासाहेबांना."

"ते काय औरंगाबादेहून ओरडून सांगणारेत? तू जा घरला."

ती गेली न्हाई लगेच. तिकडं काही तरी करत होती, मी लक्ष दिलं न्हाई. दोन दिवस मी काथ्या घेऊन दगड घासले. वरचा ढोपरभर थर काढून एकेक दगड धुतला, परत भरला, आणि खालच्यांसाठी वरून चुन्याच्या बादल्या ओतल्या. वाफा बगळ्यासारखा पांढरा झाला. माझे हात कोपरापर्यंत भाजले, कातडी फुटली. पण मी खूष होतो. सकाळी पन्हळ परत सोडली.

साहेब त्याच सकाळच्या गाडीनं आले, स्टेशनवरून सरळ हौदावर. वाफ्यापाशी थांबले. छत्री जमिनीवर ठेवली. छत्री त्यांनी जमिनीवर ठेवलेली मी तेव्हाच पाहिली. हात घातला, दगड चोळला, बोटांचा वास घेतला. मंग हळूच विचारलं,

"हजामत किसने की?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

तालुकदारसाहेब उतरले, वाफा बघून म्हणाले, "वाह, क्या सफाई है!" माझी छाती फुगली. मंग ते म्हणाले, "पानी दिखाओ."

पेशकार साहेबांच्या कानाशी लागले. "दारोगासाहेब, खिडकीत परवाची बरणी आहे ना? निवळशंख आहे. ती आणू का?"

"ती परवाची आहे जी," साहेब म्हणाले. "हुजूर आज आले."

आणि सगळ्यांसमोर खालच्या तोंडाशी बरणी भरली. पांढरट गढूळ, आणि सडक्या अंड्यासारखा वास. तालुकदारांनी नाकाला रुमाल लावला.

"फत्तर साफ और पानी गंदा? ये कैसा उल्टा कारखाना है?"

"हुजूर, फत्तर मैला हो तोच पानी साफ होता. किसी ने दाढी उतार दी."

"किसने?"

मी हात मागं बांधले. घाणी गेली तर बैल काय खाणार, आपण काय खाणार, एवढंच डोक्यात.

बायकोनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"म्या धुतले साहेब. मला वाटलं मोठे साहेब येऊन राह्यले, घाण कशाला दाखवायची."

माझंच बोलणं. शब्दाला शब्द.

तालुकदार लई तापले. "इस औरत को निकालो. ये अंदर दिखना नहीं. और दारोगासाहब, आपका काम बंद."

साहेब काही तरी बोलायला गेले, पण तीच आधी बोलली. "बाळंतिणीलासुदिक सव्वा महिना देत्यात साहेब. मला काढा, पर दगडाला तेवढा सव्वा महिना द्या."

पेशकारांना हसू आलं, त्यांनी खोकल्यासारखं केलं. तालुकदारांची मिशी जराशी हलली. "ठीक. सव्वा महिना. पेशकार येऊन बघतील. पाणी निवळ न्हाई, तर जुना हौद तसाच राहणार." मोटार गेली.

मी वाटेत तिला म्हणालो, "कशाला म्हणलीस तसं?"

"घाणी कुणाची? बैल कुणाचा? माझी गेली तर पाटीच गेली." एवढंच. परत त्या विषयावर ती आयुष्यात बोलली न्हाई. मीही काढला न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती हौदावर आली. मी म्हणलं, तुला आत यायची बंदी आहे. साहेबांनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली. "हुजूर बोले अंदर नहीं. बाहर बैठने को ना नहीं बोले." ती रेघेच्या पलीकडं बाभळीखाली बसली.

"साहेब," ती म्हणाली, "जुन्या हौदाच्या कोपऱ्यात पोत्याखाली बघा."

साहेबांनी पोतं उचललं. पाण्यात दोन पाट्या दगड बुडवून ठेवले होते. काळे, बुळबुळीत, दाढीसकट. त्या दिवशी मी तिला घरी जा म्हणलं तेव्हा तिनं हेच केलं होतं. बाईमाणूस दही संपवताना वाटीभर विरजणाला मागं ठेवते, तसं.

साहेब दगडांकडं बघत राहिले. मंग रेघेपर्यंत चालत गेले आणि बाभळीखाली बसलेल्या त्या पाटीवालीला कमरेतून वाकून सलाम केला. म्हणाले, "उस्ताद."

पुढचे दिवस ती बाहेरून सांगायची आणि आत मी दगड लावायचो. आधी चार दिवस नुसतं पाणी सोडून चुना धुऊन काढला. मंग तिचे दगड पन्हळीच्या भोकांखाली, एक इथं, एक तिथं, वीतभर अंतरावर.

"ओ, तिकडं न्हाई, तिथं ऊन लागतंय!"

"हा घे, इथं ठेवला."

"पालथा ठेवला. दाढी वर पायजे की! दह्याचं भांडं पालथं घालता का तुमी?"

गडी हसायचे. साहेब मधे उभे राहून मला विचारायचे, "उस्ताद क्या बोलती?" जसं काही त्यांना ऐकूच येत न्हवतं. माझ्या हाताला फडकी बांधलेली. त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं न्हाई. पाण्यातला कण ओळखणारा माणूस. माझे हात त्यांना दिसले नसतील का?

महिना भरायच्या आधीच दाढी आली. पेशकार आले तेव्हा साहेबांनी बरणी भरून त्यांच्या हातात दिली, त्यांनी मागं स्वतःचाच कागद धरला आणि मोठ्यानं वाचला. रेघेपलीकडून बायको ओरडली, "मणी बी मोजा साहेब!" मंजुरी आली. पुढच्या उन्हाळ्यात हौद खोल केला आणि उरलेले दोन वाफे बांधले. साहेबांनी छत्रीच्या टोकानंच रेघ पुसली आणि तिला परत कामावर घेतलं. वरून कोणी विचारलं न्हाई.

त्यानंतर आमची तीन पोरं झाली, तिन्ही जगली. पाण्यामुळंच जगली असं मी म्हणत न्हाई. पण झिऱ्याचं पाणी बरणीत तीन दिवस ठेवलं तरी बुडाला काळं बसत न्हवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी साहेबांची बदली झाली. पुढं ते कुठं गेले, काय झालं, कळलं न्हाई. जायच्या दिवशी घाणीवर आले. बायकोला एक बरणी दिली, रिकामी, धुतलेली. "उस्ताद, इसमें अचार डालो." मंग माझ्याकडं वळले. मला वाटलं काही देतील. छत्री काखेत मारली आणि म्हणाले,

"हात कैसे हैं अब?"

हात बरे होऊन तीन वर्षं झाली होती.

"बरे हैत साहेब," मी म्हणलं.

"अच्छा," म्हणाले, आणि गेले.

बायको त्यांच्या पाठमोऱ्या शेरवानीकडं बघत होती. मला म्हणाली, "चला, सैपाक राह्यलाय."

गल्लीत मात्र ती गोष्ट तिच्या नावावर राहिली. दगड धुणारी म्हणून तिला चिडवायचे. भांडी घासताना दिसली की, "मामी, आता दगड आना!" सुना आल्या, त्यांनाही सांगितलं गेलं. तीही हसायची. नातवंडांना स्वतःच सांगायची, "म्या येडी, दगडाची हजामत केली." मी तिथंच बसलेला असायचो. ती माझ्याकडं बघायचीसुद्धा न्हाई, की मला ओशाळं वाटू नये.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळा येईना. सगळे बसून राहिले. तेव्हा गल्लीतली एक म्हातारी, तिच्याच वयाची, म्हणाली, "लई स्वच्छतेची होती बाई. दगडं बी सोडली न्हाईत, धुऊन काढली." लोक हसले. पोरगाही डोळे पुसत हसला. मीसुद्धा मान हलवली. साठ वर्षांची सवय.

कावळा मंग आला का न्हाई, ते मी बघितलं न्हाई. उठून आलो.

ती बरणी घरात आहे. तिच्यात तिनं घातलेलं लोणचं अजून अर्धं आहे. सून दुसऱ्या बरणीत काढते म्हणाली, मी काढू दिलं न्हाई.

दगड मी धुतले. तिनं नको म्हणलं होतं.